ऑफिसच्या इमारतीचा परवाना आणि गावातल्या नोकऱ्या : सांगलीकर पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

विश्रामबागेतल्या आमच्या ऑफिसात लोक दोन कामं घेऊन येतात. एक, 'साहेब, नकाशा मंजूर करून द्या.' दुसरं, 'साहेब, त्या नव्या बिल्डिंगमध्ये पोराला कुठं चिकटवता येतंय का बघा की.' पहिलं काम माझं आहे. दुसरं माझ्या हातातलं नाही, पण चहा येईपर्यंत त्यावरही बोलणं होतंच. बावीस वर्षं लोकांचे नकाशे काढतोय आणि बांधकाम परवानगीच्या फायली एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेतोय. तीच उत्तरं रोज द्यायचा कंटाळा आला म्हणून लिहून काढली.

ऑफिसची इमारत बांधायची आहे. परवानगी कुणाकडं मागायची?

जागा कुठं आहे त्यावर. सांगली, मिरज किंवा कुपवाडच्या हद्दीत असेल तर महापालिका. विटा, तासगाव, कराड, फलटणसारख्या गावात नगरपालिका. एमआयडीसीच्या प्लॉटवर असाल तर महापालिकेच्या दारात जायचं कारणच नाही, तिथं एमआयडीसी स्वतःच नियोजन प्राधिकरण आहे. हे सगळं सोडून खेड्यात जागा असेल तर जिल्हाधिकारी आणि नगररचना खातं.

ग्रामपंचायतीचा दाखला घेऊन तीन मजली कॉम्प्लेक्स उठवलेले लोक अजून भेटतात. सरपंचाची सही आणि गोल शिक्का म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. सातारकरांनी आणखी एक बघावं : २०२० मध्ये सातारा नगरपालिकेची हद्द वाढली, शाहूपुरीसारखा भाग आत आला. आजोबांच्या वेळी ज्या कचेरीत अर्ज दिला तीच कचेरी आज असेल असं धरून चालू नका.

नियम कुठले लागतात?

डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि आणखी काही भाग वगळता राज्यभर एकच एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आहे. त्याआधी सांगलीचा नियम वेगळा, इस्लामपूरचा वेगळा, आणि आमच्यासारख्यांच्या कपाटात फोटोकॉपींचे गठ्ठे. महाबळेश्वर-पाचगणीचा भाग २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तिथं ही नियमावली चालत नाही. तिकडच्या लोकांनी पुढची उत्तरं तेवढ्यापुरती सोडून द्यावीत.

जमीन शेतीची आहे. आधी एन.ए. (बिगरशेती) करायलाच लागतं का?

दरवेळी नाही. जमीन महसूल संहितेत ४२-अ ते ४२-ड ही कलमं आल्यापासून बराच फरक पडला. अंतिम विकास आराखड्यात जागा ज्या वापरासाठी दाखवली आहे त्याच वापरासाठी बांधणार असाल तर वेगळ्या एन.ए. परवानगीचा हेलपाटा नाही. सरकारनं ठरवलेली रक्कम भरायची. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीलाही अशीच सवलत आहे.

मात्र वर्ग दोनची (सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाही अशी) जमीन, इनाम, वतन, कूळकायद्याची असेल तर आधी ते मिटवा. सातबारावर 'इतर हक्क' म्हणून एक रकाना असतो. लोक तो वाचत नाहीत, आणि सगळं घोडं तिथंच अडतं.

कागद काय काय लागतात?

सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, मोजणीचा नकाशा, झोन दाखला, मंजूर ले-आउट, खरेदीपत्र, आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र, गरजेप्रमाणे अग्निशमनाचा ना हरकत दाखला. सगळ्या वारसांच्या सह्या. त्यातली एक बहीण पुण्याला आणि एक भाऊ रुसलेला असतो, एवढं धरून तारीख ठरवा.

किती दिवसांत मिळते?

कायद्यात ६० दिवस. प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६, कलम ४५. तेवढ्या दिवसांत होय किंवा नाही असं काहीच कळवलं नाही, तर परवानगी मिळाली असं मानायचं. तिला मानीव परवानगी म्हणतात. हे वाचून लोक खूश होतात, पण पुढची ओळ कुणी वाचत नाही. ६० दिवस अर्जापासून किंवा त्रुटींच्या उत्तरापासून, यातलं जे नंतरचं असेल तिथून मोजतात. म्हणजे प्रत्येक त्रुटीपत्राबरोबर घड्याळ पुन्हा शून्यावर. शिवाय नकाशा नियमांत तंतोतंत बसत असेल तरच ती परवानगी टिकते. आणि 'मानीव' हा शब्द ऐकला की बँकेचा वकील चष्मा काढून टेबलावर ठेवतो, कर्जाची फाईल मिटते.

एक उदाहरण माझ्याच हातचं सांगतो. कचेरी कुठली ते विचारू नका. मिरज रस्त्यालगत तळमजला अधिक तीन मजल्यांचं ऑफिस. पुण्याच्या एका हिशेबाचं काम करणाऱ्या कंपनीला वरचे दोन मजले हवे होते. साठ खुर्च्या, बी.कॉम. झालेली पोरं-पोरी इथलीच घेणार होते. त्यांचा माणूस येऊन टेपनं मोजून गेला, खिडक्या कुठल्या बाजूला येतील ते विचारून गेला. पहिली त्रुटी आली : सातबाराचं क्षेत्र आणि मोजणीचं क्षेत्र जुळत नाही. फरक पाव गुंठ्याचा. उत्तर दिलं. दुसरी आली : समोरच्या रस्त्याची रुंदी प्रमाणित करून द्या. दिली. तिसरी : सहहिस्सेदाराची सही जुन्या सहीशी जुळत नाही. ती मावशी इचलकरंजीला, वय ऐंशीच्या पुढं, हात थरथरतो, सही कशी जुळणार? तिला गाडीत घालून आणलं. परवानगी मिळाली तोवर अकरा महिने झाले होते आणि कंपनीनं कोल्हापुरात जागा घेतली होती. आता त्या इमारतीत गाद्यांचं शोरूम आहे. मालक, दोन पोरं आणि एक टेम्पोवाला.

या तिन्ही त्रुटी पहिल्याच पत्रात एकदम काढता आल्या असत्या. म्हणून मी आता अर्ज देतानाच लेखी मागणी करतो : काय असेल ते एकाच वेळी कळवा. पोच घेतो, मुदतीची तारीख लिहून घेतो. लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे. अधिसूचित सेवा मुदतीत मिळाली नाही तर त्याच खात्यात दोन अपिलं आणि तिसरं सेवा हक्क आयोगाकडं करता येतं. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. रक्कम मोठी नाही, पण अपिलाचा कागद टेबलावर पडला की फाईल हलते हा अनुभव आहे.

मिळालेली परवानगी किती दिवस चालते?

एक वर्ष. दरवर्षी वाढवून घेता येते, वाढ एकूण तीन वर्षांपर्यंत. मुदतीत काम जोत्यापर्यंत आणलं तर पुढं नूतनीकरणाची कटकट नाही. पैसे नसताना नुसती परवानगी काढून ठेवणारे लोक इथं फसतात.

पूररेषेत जागा आहे. ऑफिस बांधता येईल?

सांगलीत हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा. लोक सगळ्यात शेवटी विचारतात, टोकन देऊन झाल्यावर.

रेषा दोन. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीकाठ ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा : बाग, मोकळं पार्किंग वगैरे चालतं, नवं ऑफिस नाही. जुनी अधिकृत इमारत असेल तर तिचा पुनर्विकास होऊ शकतो. निळी ते लाल या पट्ट्यात बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच हवं. पुनर्विकासालाही हीच उंचीची अट.

कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा ५७ फुटांच्या पुढं गेली. २००५ चा पूर बघितलेली माणसं 'त्याच्यावर काय येतंय' म्हणून सामान नुसतं माळ्यावर टाकून घराबाहेर पडली होती. २०२१ ला पुन्हा पाणी आलं. वखारभागातल्या एका कर सल्लागाराच्या ऑफिसची अवस्था मी स्वतः पाहिली. गच्चीवर दोऱ्या बांधून त्यावर अशिलांची खातेपुस्तकं चिमट्यांनी वाळत घातली होती, पानं फुगून पावासारखी झाली होती, आणि कारकून एकेक पान पट्टीनं सोडवत बसला होता. त्यांनी ऑफिस विश्रामबागेला हलवलं. तिथं कामाला असलेल्या दोघीजणी खणभागातून चालत यायच्या. विश्रामबागेला रोजचं वडापचं भाडं, घरी यायला उशीर. दोन महिन्यांत एकीनं काम सोडलं. पूररेषा नोकरीवरून अशीही जाते.

त्यामुळं जोत्याची उंची वाचवायला 'बघू की नंतर' म्हणणाऱ्याचा नकाशा मी काढत नाही.

गुंठेवारीतल्या (ले-आउट मंजूर न करता गुंठ्यागुंठ्यानं विकलेल्या) प्लॉटवर ऑफिस होईल का?

आधी प्लॉट नियमित करून घ्या. गुंठेवारीचा कायदा २००१ चा, पुढं २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात आली. शामरावनगरासारख्या सखल भागात नियमितीकरण झालं तरी पावसाळ्यात दारात पाणी साठतं, ते कागदानं ओसरत नाही. भाडेकरू जुलैत जागा बघायला आला तर काय दाखवणार?

फ्लॅटमध्येच ऑफिस थाटलं तर?

वकील, डॉक्टर, सीए यांनी राहत्या घराच्या मर्यादित भागात व्यवसाय करणं वेगळं आणि आख्खा फ्लॅट कंपनीला भाड्यानं देणं वेगळं. दुसऱ्याला वापरबदलाची परवानगी लागते. सोसायटीतल्या कुणीतरी पार्किंगवरून तक्रार करतोच.

खर्च किती येतो?

आकडा जागेच्या रेडीरेकनर दरावर, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या बाजारभावावर, ठरतो. लक्षात ठेवायच्या गोष्टी अशा : व्यापारी वापराचं विकास शुल्क निवासी वापराच्या दुप्पट. मूळ चटई क्षेत्र निर्देशांकावर (एफएसआय) अधिमूल्य, म्हणजे प्रीमियम, भरून आणि रस्त्याच्या रुंदीप्रमाणे वाढीव क्षेत्र मिळतं. जिने, पॅसेज, बाल्कनी यांसाठी अनुषंगिक क्षेत्र म्हणून निवासीला ६० टक्के आणि बिगरनिवासीला ८० टक्क्यांपर्यंत, तेही अधिमूल्य भरून. शिवाय बांधकाम खर्चाच्या एक टक्का कामगार कल्याण उपकर. गाळे विकणार असाल आणि जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी आणि गाळे आठपेक्षा जास्त असतील तर महारेराची (बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या प्राधिकरणाची) नोंदणी, जाहिरात करायच्या आधी. निवासी नाही म्हणून महारेरा नाही हा गैरसमज आहे.

परवानगी देताना नोकऱ्या किती होणार हे बघतात का?

नाही. बावीस वर्षांत एकाही अर्जावर तो रकाना पाहिला नाही. चौरस मीटर विचारतात, उंची विचारतात, मोटारी किती आणि दुचाकी किती उभ्या राहणार तेही विचारतात. खुर्चीवर कोण बसणार हे कुणी विचारत नाही. उद्घाटनाच्या पाटीवर 'पाचशे तरुणांना रोजगार' असं लिहिलेलं असतं, तो आकडा मंजूर नकाशातून आलेला नसतो, भाषणातून आलेला असतो. दहा हजार चौरस फुटांत शंभरजणांचं कॉल सेंटर बसतं आणि चारजणांचं फर्निचरचं दुकानही बसतं. दोघांची परवानगी सारखीच.

पण ८० टक्के स्थानिकांना घ्यायचा सरकारचा नियम आहे ना?

आहे, पण तो तुम्ही समजता तसा नाही. राज्याच्या धोरणात उद्योगांनी एकूण ८० टक्के आणि पर्यवेक्षकीय जागांवर ५० टक्के स्थानिक घ्यावेत असं आहे, आणि सरकारी प्रोत्साहन योजनेचे लाभ घेणाऱ्या उद्योगांना ती अट लागते. तुमच्या कॉम्प्लेक्समध्ये भाड्यानं बसलेल्या विमा कंपनीच्या शाखेला ती कशी लागेल? आणि स्थानिक म्हणजे १५ वर्षांचा अधिवास असलेला महाराष्ट्रातला माणूस. नागपूरचा मुलगा कुपवाडात स्थानिकच.

हरियाणानं खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिकांचा कायदा केला होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयानं तो रद्द केला. तेव्हा 'आमच्या वॉर्डातली पोरं घ्या' असं निवेदन द्यायला हरकत नाही, पण त्याला कायद्याचा आधार आहे असं सांगून कुणाकडून पैसे घेत असतील तर देऊ नका.

मग नव्या ऑफिसमुळं इथल्या माणसाला मिळतं तरी काय?

आधी बांधकामावरचं काम. सेंट्रिंगवाले, गवंडी, बिगारी, फरशीवाले. यातले निम्मे तरी बाहेरून आलेले असतात, जत-आटपाडीकडचेही असतात. वर जो एक टक्का उपकर सांगितला तो याच लोकांसाठी आहे. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम, वय १८ ते ६०, एवढ्यावर कल्याणकारी मंडळात नोंदणी होते. मालकाकडून उपकर कापला जातो, पण ९० दिवसांचं प्रमाणपत्र द्यायला ठेकेदार कां-कूं करतो. माझ्या साईटवर मी ते आधीच लिहून ठेवतो. सही करायला दोन मिनिटं लागतात, त्यासाठी बाईला चार खेपा घालायला लावतात.

इमारत उभी राहिल्यावरच्या नोकऱ्या दोन प्रकारच्या. वॉचमन, लिफ्टमन, झाडूपोछा, चहा पोचवणारा, डबा देणारी, झेरॉक्सवाला : हे इथलेच, हमखास, आणि पगार कमी. आतल्या खुर्च्या कुणाच्या, हे ऑफिस कशाचं आहे त्यावर. कंपनीचं मुख्य कार्यालय असेल तर हिशेब, खरेदी, मनुष्यबळ अशी खातीच्या खाती येतात. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर कारखाना आणि वसाहत वसवली, त्यात कारखान्याबरोबर कचेरीही तिथंच होती, म्हणून फाऊंड्रीतल्या कामगाराचा मुलगा त्याच गावात कारकून होऊ शकला. आता कारखाना कुपवाडला आणि ऑफिस पुण्याला, अशी तऱ्हा मी बऱ्याचदा बघतो. फक्त विक्रीची शाखा असेल तर दोन टेबलं आणि मोटारसायकलवरची पाच पोरं.

माझं मत विचाराल तर, इमारतीपेक्षा भाडेकरू आधी शोधा आणि नकाशा त्याच्या मापानं काढा. मधे खांब, प्रत्येक मजल्यावर एकच स्वच्छतागृह, जनरेटरला जागा नाही, अशा इमारतीत साठ माणसं बसवायला कुणी येत नाही. मुलींना कामावर ठेवणारी कंपनी पहिल्यांदा स्वच्छतागृह बघते, हे मला एका भाडेकरूनं सांगितलं तेव्हा माझी मान खाली गेली. तो नकाशा माझाच होता.

सरकारनं पुण्या-मुंबईत नवी ऑफिसं बांधायला परवानगीच दिली नाही तर ती इकडं येतील का?

हा प्रश्न पारावर दर निवडणुकीत निघतो. ही युक्ती आधी करून झालेली आहे.

नोव्हेंबर १९६४ मध्ये ब्रिटनच्या मजूर पक्षाच्या सरकारनं लंडनमध्ये नव्या ऑफिस इमारतींवर बंदी जाहीर केली. मंत्री जॉर्ज ब्राऊन, म्हणून लोक तिला ब्राऊन बंदी म्हणत. १९६५ ला कायदा झाला : नेहमीच्या बांधकाम परवानगीआधी ऑफिसचा वेगळा परवाना घ्यायचा, ही माणसं लंडनमध्येच का हवीत ते पटवून द्यायचं. झालं काय, तर आधीच बांधून ठेवलेल्या इमारतींचे मालक गब्बर झाले, कारण नवी जागा येईना आणि भाडी चढली. हललेली बरीच ऑफिसं लंडनच्या आसपासच गेली, दूरच्या बेकार गावांना थोडंच आलं. १९७९ ला तो परवाना गेला.

मुंबईनंही १९७० च्या दशकात दक्षिण टोकाची गर्दी कमी करायला ऑफिसांवर बंधनं आणली. १९७० ला सिडको झाली, नवी मुंबई उभी राहिली, पुढं वांद्रे-कुर्ला संकुल. घाऊक बाजार वाशीला गेला. तिथं पाठीवर पोती वाहणारे माथाडी कोण होते? पाटण, जावळी, खटावची माणसं. त्यांचे नेते अण्णासाहेब पाटील सातारा जिल्ह्यातलेच, माथाडी कायदा १९६९ चा. बाजार मशीद बंदरातून वाशीला गेला, तसा सातारचा माणूसही कोपरखैरणेला राहायला गेला. बाजार घाट चढून पाटणला आला नाही. परवाना अडवला की काम शेजारच्या मोकळ्या जागेत जातं. दीडशे कोस लांब जायला त्याला दुसरं काहीतरी कारण लागतं.

सरकारी कचेरी आली तर फरक पडतो का?

खूप. खासगी ऑफिसपेक्षा जास्त, असं मी म्हणेन. १९४९ ला दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला, १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं. जिल्ह्याचं ठिकाण झाल्यामुळं प्रत्येक खात्याचं एकेक ऑफिस इथं आलं. आपल्या गावातले निम्मे भाडेकरू आणि सगळे स्टॅम्पवाले त्यातून जन्मले. जिल्हाधिकारी कार्यालय राजवाड्याच्या आवारातून विजयनगरला गेलं तेव्हा टायपिंगवाले, झेरॉक्स, भेळेचा गाडा, सगळं पाठोपाठ गेलं. एका टायपिंगवाल्याला मात्र नव्या जागेचं भाडं झेपलं नाही. तो अजून राजवाड्यातच बसतो. तहसीलच्या कामावर भागतं म्हणतो.

ताजं उदाहरण कोल्हापूरचं. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथं उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, सांगली-साताऱ्यासह सहा जिल्ह्यांसाठी. आमच्याकडचे दोन तरुण वकील तिकडं खोली घेऊन राहिले. सांगलीच्या अशिलाचा मुंबईचा खर्च वाचला, आणि सांगलीचे ज्युनिअर कोल्हापूरला गेले. दोन्ही खरं आहे.

सांगलीत आयटी पार्क का होत नाही?

चटई क्षेत्र मिळत नाही म्हणून नव्हे. आयटी इमारतींना वाढीव क्षेत्राची तरतूद आहे. माझ्या फायलींत तर साधं मिळणारं क्षेत्रही लोक पूर्ण वापरत नाहीत. इंजिनिअरिंग कॉलेज इथं १९४७ पासून आहे. पोरं शिकतात आणि रात्रीच्या गाडीनं पुण्याला जातात. कंपन्या पोरांच्या मागं जातात की पोरं कंपन्यांच्या, यावर आमच्या ऑफिसात दोन तट आहेत.

शेजारी बिनपरवाना कॉम्प्लेक्स चढतंय. तक्रार करू का?

करा, लेखी करा, फोटोवर तारीख येऊ द्या. नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ ची, म्हणजे बिनपरवाना बांधकाम काढून टाकायची, नोटीस निघते. मात्र आधी स्वतःच्या मागच्या बाजूची पत्र्याची शेड मंजूर नकाशात आहे का ते बघून घ्या.

भोगवटा प्रमाणपत्र (बांधकाम पूर्ण, इमारत वापरायला हरकत नाही असा दाखला) नाही घेतलं तर काय बिघडतं?

गाद्यांच्या शोरूमचं काही बिघडत नाही, म्हणून लोक घेत नाहीत. पण बँक, विमा कंपनी, सरकारी खातं किंवा बाहेरगावची कंपनी भाडेकरार करायच्या आधी तोच कागद मागते, आणि त्याच्याबरोबर अग्निशमनाचा अंतिम दाखला. तो दाखलाही एकदा घेऊन भागत नाही : दरवर्षी जानेवारी आणि जुलैत आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा नमुना 'ब' द्यावा लागतो, परवानाधारक एजन्सीकडून तपासून. गेल्या महिन्यात एक मालक आले. चौथ्या मजल्यावर बँकेला जागा द्यायची म्हणाले. मी नकाशा उघडून पाहिला, मंजुरी तीनच मजल्यांची होती. ते म्हणाले, 'मग चौथा तुम्हीच काढला नाही होय?' मी म्हटलं, 'काढला नाही, आणि तुम्ही विचारलंही नाही.' चहा घेऊन गेले. फाईल अजून माझ्या टेबलावर आहे.